अंतराचा अंदाज

कॅरम खेळणाऱ्याला एक गोष्ट सांगावी लागत नाही. सोंगटीवर नेम धरणं एक वेळ सोपं. पण स्ट्रायकरला नेमका किती जोर द्यायचा, हे बोटांना कळायला वर्षं जातात. गलीत गोटी टाकणाऱ्या मुलांनाही हे ठाऊक असतं. गोल्फ आपल्यापैकी बहुतेकांनी टीव्हीवरच पाहिलेला. पण त्याचा शेवटचा टप्पा, म्हणजे पटिंग, याच जातीचा आहे. होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीला ग्रीन म्हणतात. तिथून चेंडू घरंगळत होलमध्ये घालायचा, एवढंच काम. चर्चा सगळे दिशेची करतात, निकाल मात्र पुष्कळदा अंतर लावतं.

1970 ची ब्रिटिश ओपन स्पर्धा घ्या. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या मैदानावर अमेरिकेचा डग सँडर्स शेवटच्या होलवर आला, तेव्हा चार फटक्यांत तो होल पूर्ण केला की विजेतेपद त्याचंच होतं. दोन फटक्यांत चेंडू ग्रीनवर पोचला. पहिला पट लांबचा होता. तो तीनेक फूट अलीकडेच थांबला. उरलेला छोटा पटही चुकला. दुसऱ्या दिवशीच्या प्ले-ऑफमध्ये जॅक निकलसने त्याला एका फटक्याने हरवलं. जगाला आठवतो तो चुकलेला छोटा पट. माझ्या मते खरा घात त्याआधीच्या पटने केला. तो होलपासून वीतभर अंतरावर थांबला असता, तर पुढचा कुणीही घातला असता.

हा अंदाज यावा कसा, हा प्रश्न गोल्फइतकाच जुना आहे. 1744 साली एडिंबरोजवळच्या लीथ इथे तेरा नियम लिहिले गेले. गोल्फचे उपलब्ध नियमांतले ते सर्वांत जुने. पहिलाच नियम असा, की नव्या होलसाठीचा पहिला फटका आधीच्या होलपासून एका काठीच्या अंतरातून मारायचा. म्हणजे जिथे हलक्या हाताने पट मारायचा, तिथेच दणदणीत फटक्यांनी माती उडायची. गवत कमी ठेवायला मेंढ्या आणि ससे. चेंडू म्हणजे पिसं ठासून शिवलेली चामड्याची पिशवी. ती धड गोलही नसायची. अशा जागी एकाच जोराचे दोन पट सारखे जातील, ही अपेक्षाच कुणी करत नसे.

सारखेपणा आधी जमिनीत आला, मग हातात. 1830 मध्ये इंग्लंडच्या एडविन बडिंगने गवत कापायचं यंत्र बनवलं. त्याची कल्पना त्याला कापडगिरणीतल्या, कापडावरची लव कातरणाऱ्या यंत्रावरून सुचली होती. पुढे सेंट अँड्र्यूजच्या मैदानाची निगा राखणाऱ्या टॉम मॉरिसने ग्रीनवर वाळू पसरण्याची पद्धत रुजवली. 1891 मध्ये होलचा व्यास सव्वाचार इंच ठरला, तो आजही तेवढाच आहे.

पण गवत जसजसं बारीक होत गेलं, तसतसे ग्रीन वेगवान झाले. 1935 च्या यूएस ओपनमध्ये, पेनसिल्व्हेनियातल्या ओकमाँट मैदानावर, एका अव्वल खेळाडूचा पट ग्रीनवरून घरंगळत थेट वाळूच्या खड्ड्यात गेला. प्रेक्षकांत एडवर्ड स्टिम्पसन नावाचा हौशी गोल्फपटू होता. ग्रीनचा वेग मोजता आला पाहिजे, असं त्याला वाटलं आणि त्याने खाचेची एक लाकडी पट्टी बनवली. तिच्यावर चेंडू ठेवून पट्टी हळूहळू उचलायची. ठरावीक उंचीला चेंडू आपोआप सुटतो. तो जितके फूट घरंगळतो, तो त्या ग्रीनचा वेग. अमेरिकन गोल्फ संघटनेने चाळीसेक वर्षांनी ही पट्टी सुधारून अॅल्युमिनियमची केली आणि 1978 पासून मैदानांना दिली. त्या सुमारास तिथल्या ग्रीनची सरासरी साडेसहा फुटांच्या आसपास होती. आज मोठ्या स्पर्धांत हा आकडा अनेकदा 12 च्या पुढे असतो.

वेगवान ग्रीनवर लहानशी चूकही महागात पडते. चेंडूचा वेग दुप्पट झाला, तर सपाट ग्रीनवर तो दुप्पट नव्हे, जवळपास चौपट लांब जातो. तीस फुटांच्या पटमध्ये वेग फक्त दहा टक्के जास्त झाला, तर चेंडू सहा फूट पुढे निघून जातो. त्यात फटका काठीच्या मध्यावर बसला नाही, तर जोर वाया जातो तो वेगळाच. 1959 मध्ये कार्स्टन सोल्हाइम या इंजिनिअरने पटरच्या डोक्याचं वजन दोन्ही टोकांना विभागलं, ते ही चूक कमी व्हावी म्हणून. नासातली नोकरी सोडून पटिंगच्या अभ्यासाला लागलेल्या डेव्ह पेल्झने आणखी एक हिशेब मांडला. होल चुकलाच, तर चेंडू सुमारे 17 इंच पुढे जाऊन थांबेल, इतका वेग सर्वांत चांगला. त्याहून हळू पट अलीकडेच अडतो, जोराचा होलच्या काठावरून निसटतो.

आता उरला हात. इथे आपल्या ओळखीचा शब्द कामी येतो: लय. पटर झोपाळ्यासारखा मागे-पुढे हलवायचा. लांबच्या पटसाठी झोका मोठा, जवळच्यासाठी लहान. लय मात्र तीच. अंतर वाढलं म्हणून शेवटी हिसका दिला, की अंदाज बिघडलाच. सराव साधा आहे. दहा, वीस आणि तीस फुटांवरून पाच-पाच चेंडू मारायचे. मग डोळे मिटून एक पट मारायचा, चेंडू कुठे थांबला असेल ते मोठ्याने सांगायचं आणि मगच डोळे उघडायचे. सांगितलेली आणि खरी जागा जवळ येऊ लागली, की हात शिकतो आहे असं समजावं.

हा सराव एकदा करून संपत नाही. सकाळी दवाने ओला असलेला ग्रीन दुपारच्या उन्हात वेगळाच वागतो. म्हणून मुरलेले खेळाडू खेळायला उतरण्याआधी सरावाच्या ग्रीनवर जातात आणि बराच वेळ होलकडे न पाहता, नुसते लांबचे पट मारत राहतात.