शब्दांच्या डोक्यावरची देवनागरी

सोलापूर शहराच्या दक्षिणेस, विजापूर रस्ता व होटगी रस्ता यांच्या दरम्यान वसलेल्या जुळे सोलापुरात मराठी शाळेतल्या एखाद्या आठवीच्या विद्यार्थ्याचे इंग्रजी क्रमिक पुस्तक सहज उघडून पाहावे, तर छापील ओळींच्या वर शिसपेन्सिलीने लिहिलेली दुसरी एक ओळ बहुधा दृष्टीस पडते : ‘नाईफ’, ‘आयलंड’, ‘थ्रू’. मुलगा वाचतो ती ही वरची ओळ; खालची केवळ साक्षीला असते.

बाराखडी गिरवताना जसे अक्षर तसा उच्चार हा करार ज्याने कायमचा मानला, त्याला ‘नाईफ’च्या आरंभी मुकाट उभा असलेला ‘के’ म्हणजे उघड करारभंगच वाटावा, यात नवल नाही. त्यातून सोलापूरची भाषिक घडण निराळी. विणकामाच्या पेशाने येथे स्थिरावलेल्या पद्मशाली घरात तेलुगू, शेजारी कन्नड, शाळेत मराठी आणि हिंदी. इंग्रजीची पाळी येते ती पाचवी.

या अडचणीचे मूळ मात्र जुने आहे. 1857 साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, 1859 साली पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली आणि इंग्रजी हा सरकारी दप्तरात शिरण्याचा परवाना ठरला. कारकुनाला अर्जाचा तर्जुमा बिनचूक करता आला की पुरे, त्याने इंग्रजी कादंबरी रात्री उशाशी घ्यावी अशी कोणाची अपेक्षा नव्हती. द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांच्या ‘भाषांतर पाठमाले’ने कित्येक पिढ्यांचे व्याकरण पक्के केले, हे ऋण मोठे, परंतु वाचन म्हणजे भाषांतर, ही समजूतही त्याच शिस्तीत रुजली.

तिकडे बंगालमध्ये शिक्षणतज्ज्ञ मायकेल वेस्ट यांनी 1926 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात निराळा विचार मांडला. तेथील विद्यार्थ्याला बोलण्याहून वाचनाची गरज अधिक, तेव्हा वाचन आधी यावे असे त्यांचे म्हणणे. आणि त्यांच्या वाचनमालेत नवे शब्द मोजके, पुरेशा अंतराने व पुनःपुन्हा भेटत.

आपल्याकडे मात्र वाद माजला तो आरंभाच्या इयत्तेवरून. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई प्रांतातील बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने इंग्रजी पाचवी ते सातवीतून काढून आठवीपासून ठेवले. पुढे ते पाचवीत परतले. आणि 2000 साली थेट पहिलीत आले. दर फर्मानाने ‘केव्हा’ याचे उत्तर बदलले, ‘कसे’ हा प्रश्न मात्र तहकूबच राहिला. वर्गात गुरुजी मोठ्याने वाचतात, मुले सुरात म्हणतात, उत्तरे फळ्यावरून वहीत उतरतात. पण एकट्याने, मुकाट्याने एखादे सोपे पान अर्थासकट वाचून काढण्याचा तास वेळापत्रकात सहसा सापडत नाही.

म्हणून त्या शिसपेन्सिलीच्या ओळीकडे पाहून मुलाला मंदबुद्धी ठरवणे अन्यायाचे होईल. एवढ्या हुकूमनाम्यांनी जे काम अंगाबाहेर टाकले, ते त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे पार पाडलेले असते. त्यात उच्चार हाती लागतो, अर्थ तेवढा राहून जातो.