पदवीवर शिक्का कोणाचा? भिंगार, नगर आणि पदवीच्या अधिकाराचा इतिहास

(१) अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, १४९४ मध्ये जुन्या भिंगारच्या परिसरात वसले. १८०३ मध्ये इंग्रजांनी नगरचा किल्ला घेतला आणि पुढे भिंगारला लष्करी छावणी आली. राज्ये बदलली, पण या जिल्ह्यात पदवीचे शिक्षण पोहोचायला १९४७ साल उजाडावे लागले. इतका विलंब का झाला?

(२) कारण शाळांचा अभाव हे नव्हते. अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्येच नगरला आले होते. सिंथिया फरार यांनी येथे मुलींच्या शाळा चालवल्या. त्या पाहूनच जोतीराव फुले यांना पुण्यात मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली. अशा गावात महाविद्यालय मात्र शतकभराहून अधिक काळ नव्हते.

(३) १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले. आरंभी हे विद्यापीठ स्वतः शिकवत नसे. ते परीक्षा घेई आणि पदव्या देई. शिकवण्याचे काम संलग्न महाविद्यालयांचे. कोणत्या महाविद्यालयाने कोणत्या परीक्षेपर्यंत शिकवावे, हेही संलग्नतेच्या अटींवर ठरे. अध्यापन आणि पदवीदान यांची ही फारकत आजही आपल्या व्यवस्थेचा पाया आहे.

(४) परिणामी भिंगारच्या मुलाने मॅट्रिक झाल्यावर पुणे किंवा मुंबई गाठायची. १८७८ मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला, त्यामुळे प्रवास सुकर झाला. परगावी राहण्या-जेवण्याचा खर्च मात्र तसाच राहिला. ज्या घरांना तो पेलत नसे, त्यांच्या मुलांचे शिक्षण मॅट्रिकलाच थांबे. मुलींच्या बाबतीत तर परगावी धाडण्याचा विचारही क्वचितच होई.

(५) या चौकटीला थेट आव्हान दिले धोंडो केशव कर्वे यांनी. १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. पहिल्या वर्षी महाविद्यालयात विद्यार्थिनी होत्या अवघ्या पाच. सरकारी सनद नसताना मातृभाषेतून उच्च शिक्षण देण्याचे हे धाडस होते.

(६) त्याची किंमतही मोजावी लागली. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली, तरी पदव्यांना शासनमान्यता नव्हती. ती कायद्याने मिळाली १९५१ मध्ये. पदवीचा कागद कोणीही छापू शकतो. त्याला बाजारात आणि कचेरीत मोल मिळवून देणे अवघड असते.

(७) नगरने वेगळी वाट धरली. २० जून १९४७ रोजी डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर महाविद्यालय स्थापन केले. जिल्ह्यातले हे पहिले महाविद्यालय. भिंगारच्या तरुणाला आता घरी राहून पदवीपर्यंत शिकता येऊ लागले.

(८) वर्ग गावात आला, शिक्का मात्र बाहेरचाच राहिला. १९४८ च्या कायद्याने पुणे विद्यापीठ निर्माण झाले, मु. रा. जयकर पहिले कुलगुरू झाले आणि नगर जिल्हा त्या विद्यापीठाच्या कक्षेत आला. पुढे १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याने पदवीदानाचा अधिकार विद्यापीठे आणि कायद्याने अधिकार दिलेल्या संस्थांपुरता राखून ठेवला.

(९) अमेरिकेतही हाच प्रश्न उभा राहिला. तेथील सामुदायिक महाविद्यालये दोन वर्षांचे शिक्षण देत. पुढच्या पदवीसाठी विद्यार्थ्याला दुसरीकडे जावे लागे. फ्लॉरिडाने २००१ मध्ये, तर कॅलिफोर्नियाने २०१४ च्या कायद्याने प्रायोगिक स्वरूपात, त्यांतील काहींना पदवी देण्याची मुभा दिली. विरोधकांना दर्जाची आणि विद्यापीठांशी होणाऱ्या स्पर्धेची चिंता होती. समर्थक घराजवळच्या, स्वस्त पदवीची गरज मांडत होते.

(१०) भारतात २०१४ मध्ये बी.व्होक. ही कौशल्याधारित पदवी आली : एका वर्षानंतर पदविका, दोन वर्षांनंतर प्रगत पदविका, तीन वर्षांनंतर पदवी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर संलग्नतेची पद्धत टप्प्याटप्प्याने संपवून महाविद्यालयांनी स्वतःच पदव्या द्याव्यात, असे उद्दिष्ट ठेवले.

(११) हे उद्दिष्ट प्रत्यक्षात आणताना या इतिहासाच्या दोन्ही बाजू ध्यानात ठेवाव्या लागतील. अधिकार दूर राहिला, तर गरीब घरातली मुले-मुली वाटेतच गळतात, हे १९४७ पूर्वीचे नगर सांगते. अधिकार हाती घेतला, तरी विश्वास कमवायला दशके लागतात, हे कर्व्यांचे विद्यापीठ सांगते. त्या पस्तीस वर्षांची किंमत शिकणाऱ्या मुलींनीही मोजली होती. म्हणून महाविद्यालयाला शिक्का देताना त्याचे मोल टिकवण्याची जबाबदारीही निश्चित व्हायला हवी.