खटला हरला, नोंद राहिली

वि. म. तारकुंडे यांचं नाव महाराष्ट्रात निघतं ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती म्हणून, नाहीतर मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचे, म्हणजे रॉयवादी म्हणून. सासवडला जन्मलेल्या या माणसाचं सर्वांत मोलाचं काम मात्र १९६९ साली न्यायाधीशपद सोडून ते दिल्लीत वकिली करू लागले त्यानंतरचं, आणि तेही कोर्टाबाहेरचं आहे, असं मला ठामपणे वाटतं. कोर्टातली मोठी लढाई तर ते हरलेच. आणीबाणीत स्थानबद्धांची बाजू सर्वोच्च न्यायालयात मांडणाऱ्या वकिलांत ते होते. खंडपीठातले न्या. खन्ना यांनी ॲटर्नी जनरल निरेन डे यांना विचारलं, एखाद्या पोलिसाने वैरापोटी माणूस मारला तर दाद कुठे मागायची? आणीबाणी आहे तोवर कुठेच नाही, असं उत्तर आलं. २८ एप्रिल १९७६ रोजी पाचांपैकी चौघांनी सरकारच्या बाजूने कौल दिला. विरोधात एकटे खन्ना. त्याच वर्षी ऑक्टोबरात जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने दिल्लीत पीयूसीएल या नागरी स्वातंत्र्यासाठीच्या संघटनेची पहिली घडी बसली आणि अध्यक्षपद तारकुंड्यांकडे आलं.

ही इंदिराविरोधकांचीच संघटना होती, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. १९७७ मध्ये जनता पक्ष सत्तेवर आला आणि संघटना जवळजवळ निजली. मित्रच मंत्री झाल्यावर अनेकांना तिची गरज वाटेना. तारकुंडे मात्र थांबले नाहीत. त्याच वर्षी त्यांच्या समितीने आंध्रातल्या तथाकथित चकमकींची गावात जाऊन चौकशी केली आणि नक्षलवादी म्हणून पकडलेल्या तरुणांना पोलिसांनी ठार केल्याचं लिहून ठेवलं. नक्षलवाद्यांचा एवढा कळवळा का, हा प्रश्न तेव्हाही आला. तारकुंडे रॉय यांच्या प्रभावाखाली कम्युनिस्ट मार्गापासून कधीच दूर गेले होते. नक्षलवाद्यांच्या हिंसेशी त्यांचं काही नातं नव्हतं. ज्याचा विचार आपल्याला पटत नाही त्याच्या जिवासाठी कायदा मागणं, हीच तर या कामाची कसोटी. १९८० मध्ये त्यांनी संघटना सभासदांच्या पायावर पुन्हा उभी केली. दिल्लीची शाखा वेगळी होऊन पीयूडीआर ही लोकशाही हक्कांची संघटना झाली, तरी गावात जायचं, साक्षी टिपायच्या, छापायचं, ही सत्यशोधन समितीची रीत दोघींनी जपली.

त्या रीतीचं मोल दिल्लीत १९८४ ला कळलं. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर त्रिलोकपुरी, मंगोलपुरी, सुलतानपुरीत शिखांची कत्तल झाली. सरकारी आकड्यानुसार दिल्लीत २,७३३ माणसं मारली गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात दोन्ही संघटनांनी ‘दोषी कोण?’ असं विचारणारी पुस्तिका काढली. वाचलेल्यांनी घेतलेली पुढाऱ्यांची आणि पोलीस अधिकाऱ्यांची नावं तिच्यात छापली होती. अशा कागदांनी काय होतं, असं विचारणाऱ्यांची निराशा मला समजते. न्याय खरंच फार उशिरा आला. पण राज्यकर्त्यांनी विसरायचं ठरवलं होतं तेव्हा ती नावं कागदावर राहिली. काँग्रेसचे पुढारी सज्जनकुमार यांचं नाव त्यात होतं. दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना जन्मठेप दिली १७ डिसेंबर २०१८ रोजी. तारकुंड्यांना जाऊन तेव्हा चौदा वर्षं झाली होती.