लायडनची नोंदवही: डच विद्यापीठांच्या दारातील परदेशी विद्यार्थी

१/
एप्रिल १६२९. नेदरलंड्सच्या उत्तरेकडील फ्रानेकर या लहानशा गावातील विद्यापीठाच्या नोंदवहीत तेहतीस वर्षांच्या एका फ्रेंच गृहस्थाचे नाव चढले. विद्यापीठ कॅल्विनपंथी, विद्यार्थी कॅथलिक. तरीही नोंदणी अडली नाही. पुढच्याच वर्षी हा गृहस्थ लायडन विद्यापीठात गणिताचा विद्यार्थी म्हणून नोंदला गेला. त्याचे नाव रेने देकार्त. आज पुण्यातून किंवा नागपुरातून मास्टर्ससाठी डच विद्यापीठाकडे अर्ज करणारा विद्यार्थी ज्या दारापाशी उभा असतो, त्या दाराचा हा साडेचारशे वर्षांचा इतिहास. #धागा

२/
प्रारंभ युद्धात आहे. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्याविरुद्ध डच प्रांतांनी बंड केले होते. १५७४ मध्ये स्पॅनिश सैन्याने लायडनला वेढा घातला. भूक आणि रोगराई यांनी हजारो माणसे मेली. अखेर बंडखोरांनी समुद्राचे बांध फोडले, शेतांत पाणी घेतले आणि त्या पाण्यावरून नौका आणून ३ ऑक्टोबर रोजी शहर सोडवले. त्या धैर्याचे बक्षीस म्हणून विल्यम ऑफ ऑरेंज याने लायडनला विद्यापीठ दिले. ८ फेब्रुवारी १५७५ रोजी ते सुरू झाले. गंमत अशी की विद्यापीठाची सनद निघाली ती फिलिपच्याच नावाने. कायद्याच्या दृष्टीने राजा अजून तोच होता!

३/
विद्यापीठाची गरज मात्र खरी होती. जवळचे जुने विद्यापीठ म्हणजे १४२५ मध्ये स्थापन झालेले लूवेन. ते कॅथलिक होते आणि स्पेनच्या ताब्यात होते. बंडखोर प्रांतांना स्वतःचे धर्मोपदेशक, वकील आणि वैद्य घडवायचे होते. लायडनपाठोपाठ फ्रानेकर (१५८५), ग्रोनिंगन (१६१४), उट्रेख्ट (१६३६) आणि हार्डरवाइक (१६४८) ही विद्यापीठे उभी राहिली. नव्या विद्यापीठाला नाव मिळवायचे तर नामांकित विद्वान हवेत, हे लायडनने लवकर ओळखले. १५९३ मध्ये फ्रेंच पंडित स्कॅलिजर याला त्याने बोलावून घेतले, तेही शिकवण्याची सक्ती न करता.

४/
त्या काळी ‘अर्ज’ कसा असे? निवडसमिती नव्हती, मागील गुणपत्रकांची छाननी नव्हती. विद्यार्थी स्वतः येई आणि रेक्टरपुढे उभा राही. नाव, गाव, वय आणि विषय नोंदवहीत लिहिला जाई. शुल्क भरले की झाले. या वहीला लॅटिनमध्ये ‘आल्बम स्टुडिओसोरम’ म्हणत. खरी चाळणी भाषेची होती. व्याख्याने, वादसभा, प्रबंध सारे लॅटिनमध्ये चाले. ज्याला लॅटिन येई त्याला क्राकोव्हहून आला काय किंवा एडिनबरोहून आला काय, वर्गात परकेपण नसे. आजच्या इंग्रजी चाचणीचे काम तेव्हा लॅटिन करत होते.

५/
वहीत नाव चढण्याला व्यवहारी मोलही होते. नोंदणीकृत विद्यार्थ्याला ठराविक प्रमाणात बिअर आणि वाइन यांवरील कर माफ असे. त्याच्यावरील खटला शहराच्या न्यायालयात चालत नसे, विद्यापीठाच्या स्वतंत्र न्यायपीठापुढे चाले. नगररक्षक दलातील सेवेतूनही त्याला सूट मिळे. म्हणजे आज ‘निवासाचा दर्जा’ म्हणून जे ओळखले जाते, त्याचेच हे जुने रूप होते. फरक इतकाच की तो दर्जा विद्यापीठ देई. सीमेवर पारपत्र तपासणारे आधुनिक राज्य अजून जन्मले नव्हते.

६/
मग आले कोण? १६१८ मध्ये जर्मन भूमीवर तीस वर्षांचे युद्ध पेटले आणि तेथील तरुण पश्चिमेकडे वळले. कवी आंद्रेआस ग्रिफियस हा त्यांतलाच. तो १६३८ मध्ये लायडनला आला. १६२२ मध्ये हायडेलबर्ग पडले आणि हंगेरी-ट्रान्सिल्व्हेनियातील कॅल्विनपंथी विद्यार्थ्यांची वाट बंद झाली; पुढे त्यांनी फ्रानेकर गाठले. स्कॉटलंडचा कायदा रोमन कायद्याशी जवळचा, त्यामुळे तेथील भावी वकील लायडन आणि उट्रेख्टला येत. सतराव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थांशात लायडनच्या वहीतील निम्म्याच्या आसपास नावे परदेशी होती.

७/
इंग्लंडमधून येणाऱ्यांचे कारण निराळे होते. ऑक्सफर्डमध्ये प्रवेश घेतानाच, तर केंब्रिजमध्ये पदवी घेताना, अँग्लिकन चर्चची मते मान्य करावी लागत. ही मते न पटणाऱ्या ‘डिसेंटर’ कुटुंबांतील मुलांना लायडन खुले होते, कारण तेथे विद्यार्थ्याला धर्ममताची शपथ घ्यावी लागत नसे. ज्यू विद्यार्थीही येथे वैद्यकाची पदवी घेऊ शकत. युरोपात अशी दारे फार थोडी होती. मात्र हा उदारपणा विद्यार्थ्यांच्या बाकापर्यंतच होता. गेरार्ड व्हान स्वीटेन हा अठराव्या शतकातील नामवंत वैद्य कॅथलिक असल्यामुळे लायडनमध्ये प्राध्यापक होऊ शकला नाही. १७४५ मध्ये तो व्हिएन्नाला गेला आणि तेथील वैद्यकशिक्षणाचे त्याने रूप पालटले.

८/
आणखी एक दार कितीतरी काळ बंदच होते. १६३६ मध्ये उट्रेख्ट विद्यापीठाच्या उद्घाटनासाठी लॅटिन कविता रचण्याचा मान आना मारिया व्हान स्खुरमान या विदुषीला मिळाला. परंतु व्याख्याने तिला पडद्याआड बसून ऐकावी लागली. एका डच स्त्रीला रीतसर विद्यार्थिनी व्हायला १८७१ साल उजाडले. आलेटा याकोब्स या तरुणीने थेट मंत्री थॉरबेके यांना पत्र लिहून परवानगी मागितली आणि ती ग्रोनिंगनमध्ये दाखल झाली. परदेशी पुरुषाला जे एका सहीत मिळत होते, त्यासाठी देशातल्या मुलीला मंत्र्याच्या दारात जावे लागले.

९/
पैशाचा प्रश्न तेव्हाही होताच. सार्वजनिक व्याख्याने विनामूल्य असत. खासगी वर्गांसाठी प्राध्यापकाला वेगळे पैसे मोजावे लागत, आणि लायडनची डॉक्टरेट महाग पडे. त्यामुळे अनेक जण शिकत एकीकडे आणि पदवी घेत दुसरीकडे. हार्डरवाइक त्यासाठी प्रसिद्ध होते. तेथे मासळी, रानफळे आणि पदव्या विकतात अशी थट्टा होई. १७३५ मध्ये स्वीडनचा कार्ल लिनियस तापावरील तयार प्रबंध घेऊन तेथे पोहोचला आणि दोन आठवड्यांच्या आत वैद्यकाचा डॉक्टर झाला. पण थट्टेवरून पदवीधराची पारख होत नाही. याच हार्डरवाइकने १६९३ मध्ये हर्मान बूरहाव्हे यालाही पदवी दिली होती.

१०/
हा बूरहाव्हे पुढे लायडनचा सर्वांत विख्यात अध्यापक ठरला. रुग्णाच्या खाटेपाशी उभे राहून वैद्यक शिकवण्याची त्याची पद्धत पाहण्यासाठी युरोपभरातून विद्यार्थी येत. पण यशातच ओहोटीचे बीज होते. त्याच्या शिष्यांनी १७२६ मध्ये एडिनबरोला वैद्यक विद्याशाखा उभी केली. आल्ब्रेख्ट फॉन हालर हा शिष्य १७३७ मध्ये उघडलेल्या ग्योटिंगन विद्यापीठात गेला. विद्यार्थ्यांना आता घराजवळच ते ज्ञान मिळू लागले. लायडनच्या वहीतील परदेशी नावे घटली. १८११ मध्ये नेपोलियनच्या राजवटीत फ्रानेकर आणि हार्डरवाइक बंदच झाली.

११/
या वहीत भारत कुठे होता? डच ईस्ट इंडिया कंपनीची वखार १६३७ पासून वेंगुर्ल्याला होती. कोचीन १६६३ मध्ये डचांनी जिंकले. मलबारचा डच अधिकारी व्हान रेडे याने तेथील वनस्पतींवर ‘हॉर्टुस मलाबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅममध्ये छापला गेला. इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांची त्याला मदत होती. त्या तिघांचे नागरी लिपीतील कोकणी निवेदन ग्रंथात छापलेले आहे. पहिल्या खंडावर टिपणे लिहिली लायडनच्या आर्नोल्ड सायेन या प्राध्यापकाने. वैद्यांचे ज्ञान लायडनच्या अभ्यासिकेत पोहोचले; वैद्य कोचीनलाच राहिले.

१२/
विसाव्या शतकात वसाहतीतले विद्यार्थी आले आणि दाराचा अर्थच बदलला. १९१३ मध्ये हुसेन जयादिनिंगरात लायडनमधून डॉक्टरेट मिळवणारे पहिले इंडोनेशियन ठरले. १९२१ मध्ये मोहम्मद हट्टा रॉटरडॅमला वाणिज्य शिकायला आले. तेथील इंडोनेशियन विद्यार्थी संघटना त्यांनी स्वातंत्र्यचळवळीचे व्यासपीठ केली. फेब्रुवारी १९२७ मध्ये ब्रुसेल्सच्या साम्राज्यविरोधी परिषदेत ते आणि जवाहरलाल नेहरू एकत्र होते. त्याच वर्षी हट्टांना अटक झाली. १९२८ मध्ये हेग येथील न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. २७ डिसेंबर १९४९ रोजी ॲम्स्टरडॅमच्या राजवाड्यात इंडोनेशियाचे सार्वभौमत्व स्वीकारण्यासाठी आलेले पंतप्रधान हेच माजी विद्यार्थी होते.

१३/
साम्राज्य गेले आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठी नवी व्यवस्था आकाराला आली. हवाई छायाचित्रांवरून नकाशे करण्याचे शिक्षण देणारी आय.टी.सी. ही संस्था १९५० मध्ये डेल्फ्टला निघाली. १९५२ मध्ये हेगला समाजशास्त्र संस्था उघडली. त्याच वर्षी आजच्या ‘नफिक’ या संस्थेचीही स्थापना झाली. विकसनशील देशांतील अधिकारी आणि अभियंते येथे इंग्रजीतून शिकत. १९६६ मध्ये देहरादूनला उपग्रह व हवाई चित्रांच्या अभ्यासाची आजची राष्ट्रीय संस्था मूळ रूपात सुरू झाली, ती आय.टी.सी.च्याच सहकार्याने. देशाच्या मुख्य विद्यापीठांची भाषा मात्र तोपर्यंत डच झालेली होती. लॅटिनचे राज्य एकोणिसाव्या शतकातच ओसरले होते.

१४/
इंग्रजी त्या विद्यापीठांत शिरली ती वादातून. १९९० च्या सुमारास शिक्षणमंत्री यो रिट्झेन यांनी विद्यापीठांत इंग्रजीतून शिकवण्याची कल्पना मांडली आणि संसदेत विरोध उसळला. १९९२ च्या उच्च शिक्षण कायद्याने अध्यापनाची भाषा डच ठरवली. सोबत अपवादांची खिडकी ठेवली. १९९९ मध्ये बोलोन्याचा जाहीरनामा झाला, २००२ पासून नेदरलंड्सने बॅचलर-मास्टर रचना स्वीकारली आणि त्या खिडकीचा दरवाजा झाला. आज तेथील संशोधन-विद्यापीठांतले बहुसंख्य मास्टर अभ्यासक्रम इंग्रजीत आहेत. आल्बमच्या काळानंतर प्रथमच परभाषा पुन्हा वर्गाची भाषा झाली.

१५/
आता नोंदवहीची जागा ‘स्टुडिलिंक’ या संगणकीय प्रणालीने घेतली आहे आणि प्रश्न वाढले आहेत. पदवी कोणती? आपल्याकडील तीन वर्षांची बी.ए. किंवा बी.कॉम. पुरेशी आहे का, याचा निर्णय ते ते विद्यापीठ घेते. इंग्रजीचा पुरावा हवा. युरोपीय विद्यार्थ्याचे शुल्क कायद्याने ठरते. भारतीयाचे विद्यापीठ ठरवते, आणि ते अनेक पट असते. वर्षभराच्या खर्चाची तजवीज दाखवावी लागते. २०१३ पासून निवासपरवान्याचा अर्ज विद्यापीठच प्रायोजक म्हणून करते आणि विद्यार्थ्याची प्रगती पुरेशी नसल्यास तसे शासनाला कळवते. रेक्टर आणि सीमारक्षक यांची कामे एकाच ठिकाणी आली आहेत.

१६/
नेदरलंड्समधील परदेशी विद्यार्थ्यांची संख्या सव्वा लाखाच्या घरात गेल्यावर घरांची टंचाई आणि डच भाषेचे भवितव्य हे राजकारणाचे विषय झाले. २०२४ मध्ये अध्यापनात डचचा वाटा वाढवणारे विधेयक संसदेत मांडले गेले. त्याचा मुख्य रोख पदवीपूर्व अभ्यासक्रमांवर आहे. इतिहासाच्या नजरेने पाहता हे नवे नाही. नव्या विद्यापीठाला नाव हवे होते, तेव्हा लायडनने फक्त लॅटिन विचारले. ऑक्सफर्डला पाखंडाची भीती होती, तेव्हा त्याने शपथ विचारली. आजचे राज्य पैसा आणि परतीची वाट विचारते. प्रवेशअर्जातील प्रत्येक रकाना विचारणाऱ्याची गरज किंवा भीती सांगतो. अर्ज नाकारला गेला तर त्यात विद्यार्थ्याच्या बुद्धीचा निवाडा किती आणि काळाचा किती, हे त्या रकान्यांवरून ओळखता येते. हट्टांच्या पिढीने हेही दाखवले की दारातून आत गेलेला माणूस काय शिकून बाहेर पडेल, हे दार उघडणाऱ्याच्या हाती नसते.