स्फिंगोसिन-१-फॉस्फेट

स्फिंगोसिन-१-फॉस्फेट हा पेशींमध्ये संदेशवहन करणारा एक मेद पदार्थ आहे. रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराच्या पेशींची वाढ, स्थलांतर व जीवनमरण यांवर त्याचा प्रभाव पडतो.

नाव
योहान थुडिकम यांनी १८८४ मध्ये मेंदूच्या रसायनांविषयीच्या ग्रंथात 'स्फिंगोसिन' हे नाव योजले. या पदार्थाचे गूढ स्वरूप पाहून त्यांनी ते ग्रीक पुराणकथेतील कोडे घालणाऱ्या स्फिंक्सवरून घेतले.

निर्मिती
पेशीतील सेरामाइडपासून स्फिंगोसिन तयार होते. स्फिंगोसिन कायनेज हे विकर त्याला फॉस्फेट गट जोडते. रक्तात हा पदार्थ प्रामुख्याने तांबड्या पेशी व अस्तरपेशींकडून येतो आणि बहुतांशी एचडीएल कणांवरून वाहून नेला जातो.

वाढ आणि मृत्यू
सेरामाइडचे प्रमाण वाढल्यास पेशी नियोजित मृत्यूकडे झुकते. स्फिंगोसिन-१-फॉस्फेट मात्र तिला तगून राहण्याचा व विभाजनाचा संदेश देते. हे पदार्थ परस्परांत रूपांतरित होत असल्याने त्यांचा समतोल निर्णायक ठरतो.

या पदार्थाचे पाच ग्राही ज्ञात आहेत. पहिला ग्राही अस्तरपेशींमधील सांधे घट्ट करतो. तो नसलेले उंदरांचे भ्रूण रक्तस्राव होऊन गर्भातच मरतात, कारण त्यांच्या रक्तवाहिन्यांभोवती स्नायुपेशींचे वेष्टन पूर्ण होत नाही.

वैद्यकीय महत्त्व
अर्बुदे वाढताना नव्या रक्तवाहिन्या फुटतात. त्या प्रक्रियेतही या पदार्थाचा सहभाग असतो. या ग्राहींवर कार्य करणाऱ्या फिंगोलिमोड या औषधाला २०१० मध्ये अमेरिकेत मल्टिपल स्क्लेरोसिससाठी मान्यता मिळाली. पहिल्या मात्रेनंतर हृदयाचे ठोके मंदावू शकत असल्याने रुग्णाला काही तास देखरेखीखाली ठेवतात.