मातीविना शेती: पाच तोळे मातीपासून कालिंपाँगच्या खडीपर्यंत

हायड्रोपोनिक्सबद्दल सध्या बरीच विचारणा होतेय. कुणाला गच्चीवर पालक करायचाय, तर कुणाच्या पोराला कर्ज काढून पॉलिहाऊसमध्ये लेट्यूस लावायचंय. जाहिरातीत हे सगळं कालपरवा जन्माला आल्यासारखं सांगतात. तसं ते नाही. मागचा इतिहास ठाऊक असला की विकणाऱ्याला काय विचारायचं ते समजतं, म्हणून आजची नोंद जरा मागची.

ब्रुसेल्सच्या व्हान हेल्मोन्ट नावाच्या माणसानं साधारण ९० किलो भट्टीत वाळवलेली माती कुंडीत भरली आणि सव्वादोन किलोचं विलोचं रोप लावलं. पाच वर्षं नुसतं पाणी घातलं. झाड भरलं ७६ किलोच्या वर, आणि माती परत वाळवून तोलली तर घट फक्त दोन औंस. म्हणजे आपले पाच तोळे. तो म्हणाला, झाड पाण्याचंच बनतं. हे १६४८ साली छापून आलं, तेव्हा तो हयात नव्हता. हवेतून झाड काय घेतं हे त्याला कळलं नाही, आणि ते पाच तोळे त्यानं किरकोळ धरले. आपण दुकानातून पोत्यानं जे आणतो ते त्या पाच तोळ्यांतलंच, बघा.

१६९९ मध्ये लंडनच्या वुडवर्डनं पुदिना वेगवेगळ्या पाण्यात वाढवला. पावसाच्या पाण्यात कमी वाढला, थेम्स नदीच्या पाण्यात त्याहून बरा, आणि बागेतली माती कालवलेल्या पाण्यात सगळ्यात जोरात. पाण्यात विरघळून काहीतरी जातं हे दिसलं. काय जातं ते कळायला दीडशे वर्षांच्या वर गेली. १८६० च्या सुमारास जर्मनीत साक्स आणि नॉप या दोघांनी काचेच्या बरणीत, मातीचा कणही न घालता, नुसत्या क्षारांवर झाडं वाढवून दाखवली. नॉपचे क्षार ऐका: कॅल्शियम नायट्रेट, पोटॅशियम नायट्रेट, पोटॅशियम फॉस्फेट, मॅग्नेशियम सल्फेट, आणि किंचित लोह. द्राक्षवाले आणि टोमॅटोवाले हसतील. १३:०:४५ आणि ०:५२:३४ ची पिशवी तुमच्या शेडमध्ये आत्ताही असेल. ड्रिपमधून सोडतो ते आणि नॉपच्या बरणीतलं, औषध एकच.

आता मुख्य गोष्ट. कॅलिफोर्निया विद्यापीठात गेरिक नावाचे संशोधक होते. बरणीतली गोष्ट त्यांनी १९२९ पासून पिकावर आणली. टाकीत द्रावण, वर जाळी, जाळीवर भुसा, मुळं खाली लोंबती. टोमॅटोचे वेल २५ फूट गेले, शिडी लावून तोडणी. पेपरवाल्यांनी डोक्यावर घेतलं. हायड्रोपोनिक्स हा शब्द त्यांनीच १९३७ मध्ये छापात आणला. माती संपली, आता सगळी शेती टाकीत, अशा गप्पा सुरू झाल्या आणि लोक टाक्या विकायला बसले. द्रावणाचं प्रमाण मात्र गेरिक सहजी कुणाला सांगत नव्हते.

शेवटी त्याच विद्यापीठाच्या होगलंड आणि आर्नन यांनी चाचणी घेतली. माती, वाळू आणि पाणी, तिन्हीत टोमॅटो शेजारीशेजारी. १९३८ मध्ये पत्रक काढून निकाल सरळ लिहिला: चांगल्या कसदार मातीत निघतं तेवढंच उत्पन्न निघतं, त्याहून फार जादा नाही. उजेड आणि हवामान मातीतल्या पिकाला लागतं तसंच इथंही लागतं. आणि द्रावणाचं प्रमाण त्यांनी सगळ्यांना खुलं करून टाकलं. माझ्या मते या साऱ्या इतिहासात ते पत्रक सगळ्यात प्रामाणिक. आज कुणी मातीच्या दसपट उत्पन्न सांगितलं, तर त्याला एवढंच विचारा की कुठल्या मातीच्या? आणि किती मजल्यांचं मिळून?

मग याचा उपयोग काय? जिथं माती नाही तिथं आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी फौजेनं असेन्शन बेटावर, निव्वळ ज्वालामुखीच्या खडकावर, भाजीपाला काढला. आणि आपल्या देशात १९४६ पासून दार्जिलिंगजवळ कालिंपाँगला शोल्टो डग्लस यांनी काम केलं. बंगालचा १९४३ चा दुष्काळ तेव्हा ताजा होता. त्यांनी पंप, वीज, काच, सगळं बाजूला सारलं. खाली भोक असलेली कुठलीही पेटी, त्यात खडी आणि वाळूचं मिश्रण, वरून कोरडं मिश्र खत भुरभुरायचं आणि झारीनं पाणी द्यायचं. घरातल्या माणसाला जमावं हाच हेतू. १९५१ मध्ये ‘बंगाल पद्धत’ नावानंच त्यांचं पुस्तक निघालं. पुढं इंग्लंडात ॲलन कूपरनं नळीतून पातळ धार फिरवायची पद्धत काढली. आज विकतात ते पाइपचे सांगाडे बहुतेक त्याच वंशातले. पण वीज गेली की त्यातली मुळं भर उन्हाळ्यात किती तग धरणार? आपल्या लोडशेडिंगला खडीची पेटी बरी.

घरी करून बघायचं असेल तर दहा लिटर पाण्याला होगलंडचं प्रमाण असं पडतं: कॅल्शियम नायट्रेट १२ ग्रॅम, १३:०:४५ पाच ग्रॅम, ०:५२:३४ दीड ग्रॅमच्या आत, मॅग्नेशियम सल्फेट पाच ग्रॅम. वर चिलेटेड लोह आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं चिमूटभर. पालक, कोथिंबिरीला सुरुवातीला याचं निम्मंच द्या. कॅल्शियम आणि फॉस्फेट-सल्फेट घट्ट द्रावणात एकत्र करू नका, ड्रिपच्या टाकीत बसतो तसा साका बसेल. युरिया नको, त्याचं नायट्रेट करणारे जिवाणू मातीत असतात, ताज्या पाण्यात नसतात.

टब बाहेरून काळा करून वर पांढरा रंग द्या, म्हणजे उजेड आत जाऊन शेवाळ धरणार नाही आणि पाणीही तापणार नाही. टब काठोकाठ भरू नका. रोप मोठं होईल तशी पातळी खाली येऊ द्या, अर्धी मुळं हवेत राहायला हवीत. वाफसा मातीतच लागतो असं थोडंच आहे?

आणि आधी पाणी तपासा. आपल्या बोअरचा ईसी कुठंकुठं दीडच्या वर असतो, म्हणजे खत घालायच्या आधीच ताट निम्मं भरलेलं. सामू साडेपाच ते साडेसहा धरायचा असतो आणि जड पाणी तो सारखा वर ओढतं. पावसाचं साठवलेलं पाणी असेल तर पहिला टब त्यावर भरा. तपासणीचा रिपोर्ट इथं टाकणार असाल तर ईसी, सामू आणि बायकार्बोनेट हे तीन आकडे नीट दिसतील असा फोटो काढा.