कात्री, कागद आणि अडलेली माणसं

मंडळी, या शनिवारचा विषय आहे कोलाज. हो, तेच ते! शाळेत कार्यानुभवाच्या तासाला घोटीव कागदाचे तुकडे करून, खळ लावून वहीवर पोपट चिकटवायचो ना, त्याचंच मोठेपणीचं नाव. पोपट झाला की बाईंचा शेरा, आणि विषय संपला. त्यामुळे कोलाज म्हणजे ज्यांना चित्र काढता येत नाही त्यांची सोय, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

इतिहास मात्र वेगळंच सांगतो. ज्यांना चित्र उत्तम येत होतं, पण पुढे काहीच येईना, अशी माणसं पुन्हा पुन्हा या कात्रीकडे वळलेली दिसतात. आमच्या धंद्यात रोज सकाळच्या मीटिंगमध्ये "काही ब्लॉकर आहे का?" असं विचारतात. कलावंताला हे कुणी विचारत नाही. त्याचं त्यालाच अडतं आणि त्याचं त्यालाच सुटावं लागतं. आज अशाच काही अडलेल्या माणसांच्या गोष्टी.

सुरुवात थोडी मागून, अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधून. मेरी डिलेनी या बाईंचा जन्म १७०० सालचा. भरतकाम, चित्रं, शिंपल्यांची सजावट हे सगळं हौसेने करणाऱ्या. १७६८ मध्ये त्यांचे पती वारले. त्यानंतर त्यांचा बराच काळ पोर्टलंडची डचेस या मैत्रिणीच्या घरी जायचा. १७७२ मध्ये, म्हणजे वयाच्या ७२व्या वर्षी, एका जिरेनियमच्या पाकळीचा रंग आणि जवळच पडलेल्या लाल कागदाचा रंग हुबेहूब एकच आहे असं त्यांच्या लक्षात आलं. कात्री घेऊन पाकळ्या कापल्या, काळ्या कागदावर चिकटवल्या. डचेसबाई आल्या आणि त्यांना त्या पाकळ्या खऱ्याच वाटल्या, अशी गोष्ट सांगतात.

पुढची दहा वर्षं डिलेनीबाई थांबल्याच नाहीत. एकेका फुलात कागदाचे शेकडो तुकडे. रंगकाम बिघडलेले वॉलपेपरचे कागद, चीनहून येणाऱ्या जहाजांवरचे कागद, जे मिळेल ते वापरलं. क्यू इथल्या राजाच्या बागेतून नमुन्याला झाडं यायची. १००० फुलांचं टार्गेट ठेवलं होतं, पण १७८२ मध्ये डोळ्यांनी साथ सोडली तेव्हा आकडा होता ९८५! आज ही फुलं लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. कोलाज हा शब्द कलेच्या जगात यायला तेव्हा अजून १३०-१४० वर्षं बाकी होती.

आता एकदम १९१२ च्या फ्रान्समध्ये. पिकासो आणि ब्राक या जोडगोळीने क्युबिझम नावाचा प्रकार काढला होता. वस्तूचे तुकडे करायचे आणि सगळ्या बाजू एकाच वेळी दाखवायच्या. पण १९११ पर्यंत हे इतकं पुढे गेलं की चित्रात गिटार आहे की माणूस, हे कळेनासं झालं. रंगही संपले, उरला फक्त राखाडी आणि तपकिरी. म्हणजे काम जोरात चालू, पण रस्ता बंद.

१९१२ च्या वसंतात पिकासोने एका चित्रावर वेताच्या खुर्चीच्या विणीचं छापील मेणकापड चिकटवलं आणि कडेने चक्क दोरी लावली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ब्राकला आविन्यों गावातल्या एका दुकानाच्या काचेत लाकडाच्या रेषांचा छापील वॉलपेपर दिसला. पिकासो पॅरिसला जाईपर्यंत गडी गप्प राहिला, मग तो कागद विकत आणून तुकडे चित्रावर चिकटवले. :-) गंमत म्हणजे ब्राकचे वडील आणि आजोबा घरं रंगवणारे कारागीर. ब्रशने खोटं लाकूड कसं रंगवायचं, याचं शिक्षण त्याने स्वतः घेतलेलं. तरी त्याने तयार कागद उचलला. कारण आता रंग आणि रेषा वेगळ्या झाल्या होत्या. तपकिरी तुकडा आपल्या जागी, कोळशाने काढलेली रेष तिच्या जागी. दोघांना एकमेकांची परवानगी लागत नव्हती. आणि एका कागदाच्या तुकड्यामुळे खरं जग चित्रात परत आलं.

यानंतर हे लोण पसरलं. जर्मनीतल्या हानोवरचा कुर्ट श्विटर्स पहिल्या महायुद्धात एका लोखंडाच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होता (म्हणजे जवळपास आपल्यातलाच!). युद्ध संपलं तेव्हा सगळंच मोडलेलं. त्याने ट्रामची तिकिटं, वेष्टनं, जाहिरातींचे कपटे गोळा करून चित्रं बनवायला घेतली. एका बँकेच्या जाहिरातीतून 'कोमेर्त्स' या शब्दाचा तुकडा कापला, त्यातलं 'मेर्त्स' उरलं, आणि तेच त्याने आपल्या सगळ्या कामाला नाव दिलं. पुढे १९४० मध्ये ब्रिटिशांच्या नजरकैदेत असताना सामान मिळेना, तर पठ्ठ्याने खायला मिळणाऱ्या लापशीची शिल्पं केली.

पण खरी मोठी गोष्ट आहे मातिसची.

आंरी मातिस हा रंगांचा बादशहा. मूळचा वकिलाच्या ऑफिसातला कारकून. १८९० मध्ये अपेंडिक्सच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला, आईने वेळ जायला रंगांची पेटी आणून दिली आणि वकिली संपली. पुढे पन्नास वर्षं जगभर नाव. पण १९४० च्या जानेवारीत त्याने बोन्नार या चित्रकार मित्राला पत्रातून आपली अडचण कळवली: माझं रेखाटन एका बाजूला चाललंय आणि रंग दुसऱ्या बाजूला. रेषा काढली की ती जिवंत असते, तिच्यात रंग भरायला गेलं की मरते. सत्तरी गाठलेल्या माणसाला, आयुष्यभर जे केलं तेच जमत नाहीये!

वर्षभराने, जानेवारी १९४१ मध्ये, ल्यों शहरात त्याच्या आतड्यावर मोठी शस्त्रक्रिया झाली. तो वाचेल असं फार कुणाला वाटलं नव्हतं. तिथल्या नन्सनी तर त्याचं नाव 'मरून उठलेला' असं ठेवलं. वाचला, पण आता फार वेळ उभं राहणं जमेना. ईझलसमोर तासन् तास उभं राहून काम करणं बंद.

इथे त्याला एक जुनी युक्ती कामी आली. १९३० मध्ये अमेरिकेतल्या बार्न्स नावाच्या संग्राहकाने त्याला एक भिंतचित्र सांगितलं होतं, तेच पुढे 'नृत्य' झालं, सुमारे ४५ फूट लांब. दर वेळी एखादी आकृती जरा सरकवायची तर आजूबाजूचं सगळं परत रंगवावं लागायचं. म्हणून त्याने कागद रंगवून घेतले, आकार कापले आणि कॅनव्हासवर टाचण्यांनी लावले. हवं तेव्हा काढा, हवं तिकडे सरकवा. (मध्येच भिंतीची मापंच चुकीची घेतल्याचं कळलं आणि पूर्ण चित्र नव्याने करावं लागलं. रिक्वायरमेंट नीट न वाचण्याची परंपरा जुनी आहे.) तेव्हा कात्री हे फक्त कच्च्या आराखड्याचं हत्यार होतं. आराखडा संपला की कागद फेकून द्यायचे.

१९४३ पासून त्याने एका पुस्तकासाठी असेच कागद कापायला घेतले. खाटेवर किंवा चाकाच्या खुर्चीत बसून. मदतनीस कागदांवर गुआश हा रंग सपाट लावून द्यायचे, मातिस मोठ्या कात्रीने थेट आकार कापायचा, आधी पेन्सिलने न आखता. बघा, इथे काय झालं. कात्री चालते तेव्हा कड तयार होते, तीच रेषा. आणि ती कड ज्याची आहे तो कागद आधीच रंगीत. रेषा आधी की रंग आधी हे भांडणच मिटलं. १९४० च्या पत्रातली अडचण चित्रं 'आणखी चांगली' काढून सुटली नव्हती. साहित्य बदललं, तेव्हा ती उरलीच नाही.

हे पुस्तक म्हणजे 'जॅझ', १९४७ मध्ये निघालं, वीस रंगीत पानं. ते छापून आलं तेव्हा मातिस नाराज झाला. कापलेल्या कागदाला जो जिवंतपणा होता तो छपाईत गेला होता. पण या नाराजीतूनच त्याला उमगलं की हे कागद म्हणजे आराखडा नाही, हेच काम आहे. एका वर्षाआधी, १९४६ मध्ये, पॅरिसच्या घरात त्याने भिंतीवरचा एक डाग झाकायला पत्राच्या कागदातून एक पाकोळी कापून लावली होती. मग शेजारी एक मासा, मग प्रवाळ... सोळा वर्षांपूर्वी पाहिलेला ताहितीचा समुद्र भिंतभर पसरला. १९५२ मध्ये नीसच्या घरात जेवणाच्या खोलीत भिंतींवर निळ्या कागदाचा आख्खा पोहण्याचा तलाव आला. १९५३ मध्ये 'गोगलगाय'. १९५४ मध्ये तो गेला. ऑपरेशननंतरची तेरा वर्षं ही त्याने फुकट मिळालेली मानली, आणि ती अशी वापरली. काही समीक्षकांनी तेव्हा म्हातारपणीचा पोरखेळ म्हणून नाकं मुरडली होती. आज तेच कागद बघायला रांगा लागतात.

आता आपल्याकडची गोष्ट. मला सगळ्यात जास्त हलवून गेलेली.

बिनोदबिहारी मुखर्जी यांचा जन्म १९०४ चा, कोलकात्याजवळच्या बेहालाचा. जन्मापासून एका डोळ्याने दिसत नव्हतं, दुसऱ्याने अगदी जवळचंच. शांतिनिकेतनच्या कलाभवनात नंदलाल बोस यांचे विद्यार्थी, पुढे तिथेच शिक्षक. अशा नजरेवर त्यांनी १९४६-४७ मध्ये शांतिनिकेतनच्या हिंदी भवनात मध्ययुगीन संतांचं प्रचंड भित्तिचित्र रंगवलं, तेही पूर्ण आकाराचा कच्चा आराखडा न करता. ओल्या गिलाव्यावरचं काम, म्हणजे चुकलं तर खोडरबर नाही.

१९५७ मध्ये डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि उरलीसुरली दृष्टीही गेली. वय ५३. चित्रकाराच्या बाबतीत याला 'ब्लॉक' म्हणणं हा शब्दाचा अपमानच आहे. दुसरा कुणी असता तर इथे कहाणी संपली असती, आणि आपण हळहळलो असतो.

बिनोदबाबू कलाभवनात परतले, कलेचा इतिहास शिकवायला लागले, आणि कागद हातात घेतला. यात एक साधी, पण मोठी गोष्ट आहे. पेनाने काढलेली रेष बोटाला कळत नाही. कापलेल्या कागदाची कड कळते. घडी कळते. एकावर एक चिकटवलेल्या दोन कागदांमधला उंचवटा कळतो. म्हणजे कोलाज हा चित्रकलेचा असा प्रकार निघाला की जो हाताने 'बघता' येतो. कुठला कागद कुठल्या रंगाचा हे दुसऱ्याने सांगायचं, पण तांबड्याशेजारी पिवळा काय करतो याची आठवण त्यांच्याकडे जन्मभराची होती. बसलेली माणसं, बायका, प्राणी, अगदी थोड्या तुकड्यांत उभे राहिले. जोडीला मेणाच्या छोट्या मूर्ती आणि रेखाटनंही. आणि १९७२ मध्ये, वयाच्या ६८व्या वर्षी, घड्या घातलेल्या कागदातून सापडलेले असेच सुटसुटीत आकार घेऊन त्यांनी कलाभवनाच्या भिंतीवर टाइल्सचं म्युरल केलं. त्याच वर्षी त्यांचे जुने विद्यार्थी सत्यजित राय यांनी त्यांच्यावर 'द इनर आय' हा माहितीपट काढला. जेमतेम वीस मिनिटांचा आहे, जरूर बघा.

आता माझ्यातला इंजिनिअर विचारतो, या सगळ्यांत कॉमन काय?

एक, कोऱ्या कागदाची भीती गेली. कोलाजमध्ये शून्यातून सुरुवात नसते. तिकीट, वॉलपेपर, लाल कागद, काहीतरी आधीच समोर असतं. दोन, निर्णय परत घेता येतो. टाचणी म्हणजे सरळसरळ अनडू. जिथे मागे फिरता येतं तिथे माणूस पुढे जायला घाबरत नाही. तीन, मुरलेल्या हाताच्या सवयी तुटतात. मातिसचा हात ब्रश धरला की पन्नास वर्षांच्या वाटेनेच जाणार. कात्रीला ती वाट माहीतच नव्हती.

पण म्हणून कात्री घेतली की झालं, असं मात्र नाही. डिलेनीबाईंच्या मागे आयुष्यभराचं भरतकाम होतं, मातिसमागे रंगांचा अर्धशतकाचा रियाज, बिनोदबाबूंमागे हिंदी भवनाची भिंत. कात्रीने त्यांना नवीन काही दिलं नाही. आत जे साठून अडलं होतं, त्याला दुसरं दार दाखवलं. आपल्या आज्यांना हे न शिकवताच माहीत होतं म्हणा. जुनी लुगडी टाकून न देता त्यांची गोधडी व्हायची, आणि कुठला तुकडा कुठे बसतो हे शिवता शिवताच ठरायचं.

आपल्यापैकी कितीतरी जणांचं नोकरी लागल्यापासून काहीतरी थांबलेलं असतं. कुणाचं चित्र, कुणाची कविता, कुणाचं नाटक. आपण वाट बघत असतो ती वेळ मिळण्याची, मूड लागण्याची. वरच्या कुणालाही ना वेळ नव्याने मिळाला होता, ना डोळे, ना पाय. त्यांनी फक्त हातातली वस्तू बदलली.

असो, लेख लांबला. घरात कात्री असेलच. रविवारची पुरवणी वाचून झाली की रद्दीत टाकायच्या आधी एकदा बघा तिच्याकडे. :-)